एप्रिलच्या दुपारी दोन वाजता तुमच्या बागेत कोण बसेल?

प्रश्न असा आला आहे. पुण्याच्या एका उपनगरात चार-पाच सोसायट्यांच्या मधोमध उद्यानासाठी आरक्षित असलेला दीड एकराचा भूखंड आहे. एका अंगाला ओढा, मागे टेकडीचा पायथा, कोपऱ्यात एक जुना वड. इतकी वर्षं तिथे राडारोडा पडत होता, आता निधी मंजूर झाला आहे. आराखड्यात कारंजं, मोठं लॉन, कमान, ओपन जिम, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक आणि सेल्फी पॉइंट आहे. सूचना द्यायला रहिवाशांकडे तीन आठवडे आहेत. तान्ह्या बाळापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना उपयोगी पडेल अशी बाग हवी असेल तर आम्ही नेमकं काय मागावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी एकोणतीस वर्षं महापालिकेच्या उद्यान विभागात होते. त्या काळात बागा आखल्या, काही वाचवल्या, काही बिघडतानाही पाहिल्या. आता कोणताही आराखडा समोर आला की मी एकच गोष्ट विचारते: एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारी दुपारी दोन वाजता इथे कोण बसलेलं असेल? सकाळी सहा ते आठ कोणतीही बाग भरलेली दिसते. उद्घाटनाचे फोटोही सकाळचेच असतात. दुपारी दोनला जी बाग माणसाला बसवून घेते ती बाकी सगळ्या वेळी चालतेच, कारण तिच्यात सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि उघडं फाटक या चारही गोष्टी असतात.

फाटकापासूनच सुरुवात करते, कारण त्याला निधी लागत नाही. आपल्याकडे बऱ्याच बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात आणि चार-साडेचारला उघडतात. एकदा उन्हाळ्यात दीडच्या सुमारास पाहणीला गेले होते. फाटकाला कुलूप होतं. बाहेर फुटपाथच्या कडेला चार बायका डबे उघडून बसल्या होत्या. आसपासच्या इमारतींमध्ये पोळ्या-भांडी करणाऱ्या, सकाळची कामं उरकून संध्याकाळच्या कामांना वेळ असलेल्या. एकीने पदर डोक्यावर ओढून घेतला होता, दुसरीने डब्याचं झाकण मुलाच्या कपाळावर आडवं धरलं होतं. आणि त्यांच्या पाठीमागे, जाळीच्या आत जेमतेम वीस फुटांवर, करंजाच्या गर्द सावलीत तीन बाकं रिकामी होती. त्या बागेची दुपारची वेळ बदलून घ्यायला मला चौदा महिने लागले. "दुपारी नको ते लोक येतील" हे वाक्य तेवढ्यात किती बैठकांमध्ये ऐकलं! दुपारी आलं कोण? कामवाल्या मावश्या, डिलिव्हरी करणारी मुलं, घरात जागा नाही म्हणून पुस्तक घेऊन आलेले विद्यार्थी आणि सुनेला दोन तास मोकळे मिळावेत म्हणून नातवंडाला घेऊन आलेल्या आजी. तुमच्या निवेदनात पहिली मागणी हीच ठेवा: बाग सकाळपासून रात्रीपर्यंत सलग उघडी हवी, आणि दुपारच्या पाळीला सुरक्षारक्षक हवा.

आता सावली. तीन आठवडे हातात आहेत, तर त्यातला एक रविवार याला द्या. चुन्याची फक्की घेऊन सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता त्या भूखंडावर जा. वडाची, टेकडीची, शेजारच्या इमारतींची सावली जिथे संपते तिथे फक्की मारा आणि फोटो काढा. दिवसाच्या शेवटी जमिनीवरच नकाशा उमटलेला असतो, कागदावरच्या आराखड्याला तो सहज उघडा पाडतो. पुण्यात शून्य सावली दिवस मेच्या मध्यावर येतो, म्हणजे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच असते आणि चार वाजेपर्यंत ती पूर्वेकडे सरकते. त्यामुळे बसायच्या आणि खेळायच्या जागेच्या पश्चिमेला दाट झाडं हवीत. बहुतेक आराखड्यांत झाडं कुंपणाच्या कडेने सारख्या अंतरावर टिंबांसारखी काढलेली असतात. मग सावली रस्त्यावर पडते आणि बाक उन्हात तापतं.

कोणती झाडं, यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण इथली चूक तीस वर्षं भोगावी लागते. बहावा मला जीव की प्राण आहे, पण एप्रिल-मेमध्ये तो पिवळा होतो तेव्हा अंगावर पान जवळजवळ नसतं. पळस, पांगारा, काटेसावर यांचंही तसंच, ऐन फुलोऱ्यात फांद्या निष्पर्ण. हे सगळे बागेत हवेतच. पांगारा फुलला की साळुंक्या, शिंजीर, बुलबुल यांची झुंबड उडते. पण त्यांची जागा कडेला, बाकाच्या डोक्यावर नव्हे. सावलीसाठी करंज घ्या. फाल्गुन-चैत्रात तो जुनी पानं टाकून पोपटी पालवीने भरतो आणि उन्हाळ्याची तलखी पुरी अंगावर घेतो. कडुनिंब, चिंच, आंबा, वड, सावकाश वाढणारी पण घट्ट छत्री धरणारी बकुळ, हे सगळे उत्तम. जांभूळ सावली छान देतो, मात्र पायवाटेवर लावलात तर जूनमध्ये फळांचा चिखल होतो आणि म्हातारी माणसं घसरतात. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही दोन्ही बाहेरून आलेली, भराभर वाढणारी झाडं आहेत. त्यांचं लाकूड ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या वादळात त्यांच्या फांद्या गाड्यांवर पडल्याच्या तक्रारींनी आमचा फोन दिवसभर वाजायचा. नव्या लागवडीत कोनोकार्पस असेल तर खोडून टाका. तो लवकर हिरवा दिसतो म्हणून ठेकेदारांचा लाडका आहे, पण इथल्या पक्ष्या-फुलपाखरांना त्याचा उपयोग नगण्य, आणि गुजरात-तेलंगणसारख्या राज्यांनी त्याच्या लागवडीला आधीच नकार दिला आहे.

रोपं किती, यापेक्षा कशी आणि केव्हा, ते विचारा. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचे. तीन बाय तीन बाय तीन फूट हे माझं माप. माती, शेणखत भरून पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावायचं. रोप आठ फुटांचं असावं आणि पिशवीत वेटोळी घातलेली मुळं सोडवून घ्यावीत. जानेवारीत कुणाच्या वाढदिवसानिमित्त लावलेली शेकडो रोपं मी मेमध्ये काटक्या झालेली पाहिली आहेत. पहिले तीन उन्हाळे पाणी घालायचं कोणी, त्याचं नाव करारात हवं. आणि झाडाभोवतीची लोखंडी जाळी चौथ्या वर्षी काढायची. ती कोणी काढत नाही, मग बुंधा जाळीत रुतत जातो.

तुमचा जुना वड ही या भूखंडातली सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. त्याचं वय पन्नासच्या पुढे असेल तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तो वारसा वृक्ष ठरतो. तशी नोंद करून मागा. आराखड्यात त्याच्याभोवती ग्रॅनाइटचा गोल पार दाखवला असेल, तर तो पार आत्ताच थांबवा. मुळांवर भराव आणि काँक्रीट पडलं की झाड लगेच मरत नाही, पाच-सात वर्षं घेतं, आणि तोवर दोष कुणाचा ते सगळे विसरलेले असतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. वडासारख्या झाडाला तेवढं अंतरही अपुरं आहे. त्याच्या छत्रीखाली नुसती माती आणि पाचोळा ठेवा, थोडी सुटी दगडी बैठक ठेवा, पुरे.

लॉनचं गणित मात्र कागदावर मांडून दाखवा, त्याचा उपयोग होतो. उन्हाळ्यात हिरवळ राखायला दर चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला वीस हजार लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. ज्या भागात सोसायट्याच मार्चपासून टँकरवर असतात तिथे हे कोण पुरवणार? शिवाय अशा लॉनवर "हिरवळीवर चालू नये" ही पाटी येतेच. पाच गुंठे हिरवळ ठेवा, लोळण्यासाठी, रांगणाऱ्या बाळांसाठी, संध्याकाळी चटई टाकून बसण्यासाठी. तिला रोजचे अडीच हजार लिटर पुरतात. तुमच्या सोसायट्यांचे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प नीट चालत असतील तर ते पाणी झाडांना पाइपने द्यायची व्यवस्था याच कामात बसवून घ्या. आज ते बहुधा गटारातच जातं. कारंज्याबद्दल एवढंच सांगते: मी ज्या कारंज्यांवर सह्या केल्या त्यांतली बहुतेक तिसऱ्या वर्षापर्यंत बंद पडली आणि साचलेल्या पाण्यात डास झाले. तो पैसा स्वच्छतागृहाकडे वळवा. स्वच्छतागृह नसेल तर बायका आणि साठीपुढची माणसं बागेत अर्ध्या तासाहून जास्त थांबत नाहीत, कारण त्यांना थांबताच येत नाही.

लहान मुलांच्या खेळाच्या जागेबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी आखलेल्या एका बागेत स्टीलची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून बसवली होती. एप्रिलमध्ये चारच्या सुमारास साडेचार वर्षांची एक मुलगी फ्रॉक घालून तिच्यावर बसली आणि दोन्ही मांड्यांना फोड आले. तिची आई मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हापासून मी घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून, पश्चिमेला दाट झाड ठेवून बसवते. मेमध्ये सूर्य माथ्यावर असतो म्हणून नुसती दिशा बदलून भागत नाही, वर सावली लागतेच. झाड मोठं होईपर्यंत चार-पाच वर्षं शेडनेट ताणा. जमिनीवर रबराच्या रंगीत लाद्या घालण्याची हौस सध्या फार आहे. त्या उन्हात वाळूपेक्षा कितीतरी जास्त तापतात आणि त्यांच्या कडा उखडल्या की पाय अडकतात. फूटभर खोल वाळू चांगली, पण ती आठवड्याला परतून उन्हं द्यावी लागतात आणि रात्री मांजरांसाठी जाळी घालावी लागते. एवढं करणारा माळी असेल तरच वाळू मागा.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांची जागा वेगळी, बाकांच्या अगदी नजरेसमोर असावी. झोके कडेला, कुणी धावत मध्ये येणार नाही अशा ठिकाणी. आसपास कण्हेर आणि बिट्टी अजिबात नको, दोन्ही विषारी आहेत आणि बिट्टीची फळं मुलं हमखास उचलतात. पैसे वाचवायचे असतील तर खोदाईच्या मातीचे दोन-तीन उंचवटे करा, वठलेल्या झाडांचे ओंडके आडवे टाका, मोठे धोंडे ठेवा. फायबरच्या हत्तीवर मूल दहा मिनिटं खेळतं, मातीच्या ढिगावर दोन तास.

बागेतून कोण गायब आहे ते पाहायची सवय मला उशिरा लागली. संध्याकाळी सहाला मोजून पाहा: बारा ते सोळा वर्षांच्या मुली किती दिसतात? मोकळी जागा एकच असेल तर ती क्रिकेटच्या ताब्यात जाते आणि मुली कडेने चालून घरी जातात. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने १९९० च्या दशकात हीच गोष्ट टिपली होती. दहाएक वर्षांच्या पुढे मुली बागेत यायच्या कमी होतात, हे लक्षात आल्यावर तिथे एका मोठ्या मैदानाचे छोटे भाग केले, पायवाटा वाढवल्या. तुमच्याकडे दोन बॅडमिंटन कोर्टांइतकी जागा आणि एकमेकींकडे तोंड करून बसता येईल अशी काटकोनातली बाकं ठेवा. ती जागा उजेडात असू द्या आणि तिथून बाहेर पडायला दोन वाटा असू द्या. आठवड्यातले दोन दिवस कबड्डी किंवा लंगडी फक्त मुलींसाठी, असं फलकावर लिहून ठेवलं की दोन महिन्यांत फरक दिसतो. हे मी करून पाहिलं आहे.

ज्येष्ठांसाठी फार काही वेगळं लागत नाही, पण जे लागतं ते अचूक लागतं. बाक जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच, पाठ टेकायला आधार आणि उठताना हात रोवायला दोन्ही बाजूंना दांडे. बिनपाठीची ग्रॅनाइटची बैठक दिसायला देखणी असते, पण गुडघे दुखणारा माणूस तिच्यावरून उठूच शकत नाही. चाळीस-पन्नास पावलांवर एक बाक हवं. पायऱ्या नकोत, उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, आणि वाट दोन व्हीलचेअर शेजारून जातील इतकी, सहा फूट रुंद. पेव्हर ब्लॉकवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, श्रावणात पडून खुब्याचं हाड मोडलेल्या माणसांच्या तक्रारी मी वाचल्या आहेत. चांगला दाबलेला मुरूम पायांना मऊ आणि पाणी मुरवणारा असतो. व्हीलचेअरसाठी त्यातला एक पट्टा तेवढा पक्का आणि खरखरीत करा. ओपन जिमला माझा विरोध नाही, चार यंत्रं सावलीत ठेवा, बेअरिंग बदलायची जबाबदारी लिहून घ्या. सकाळच्या हास्यक्लबला तर नुसता झाडाखालचा मोकळा चौक पुरतो. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतल्या एका बागेत हास्यक्लब सुरू केला तेव्हा जमलेली माणसं मोजून पाच होती. त्याला बांधकाम लागलं नाही.

आता ओढा आणि टेकडीचा पायथा. आराखड्यात ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंत आणि वर "सुशोभीकरण" असेल. माझी कळकळीची विनंती आहे, त्याला हात लावू देऊ नका. काठावरचे उंबर, करंज, वाळुंज माती धरून ठेवतात. पायवाट एकाच काठाने न्या, दुसरा काठ पक्ष्यांसाठी सोडा, आणि दिव्यांचा झोत पाण्याकडे नको. रुईला गवत समजून उपटतात, पण प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. कढीपत्ता आणि लिंबू लावा, आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. आणि टेकडीच्या उतारावरच्या गवतात वृक्षारोपणाचे खड्डे खणू नका. गवताळ माळ हा पूर्ण जिवंत अधिवास आहे, चंडोल तिथेच जमिनीवर घरटं करतो. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी हिरवाईच्या घाईत ग्लिरिसिडिया हा परदेशी वृक्ष लावला गेला, आज त्याच्याखाली इथलं गवत आणि झुडपं धड वाढत नाहीत. दाट छोटं जंगल हवं असेल तर रस्त्याकडच्या बाजूला एक-दोन गुंठ्यांत देशी झाडांची मियावाकी लागवड, म्हणजे रोपं अगदी जवळजवळ लावायची जपानी पद्धत, करा, धूळ आणि आवाज अडतो. गवत बी पडल्यावर, डिसेंबरच्या सुमारास कापा आणि कडेने जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून टाकलेला पट्टा, काढा, म्हणजे फेब्रुवारीनंतर वणव्याची धास्ती कमी.

राडारोड्याच्या जागेवर काही उगवेल का, अशी शंका तुमच्यापैकी कुणाला असेल तर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून या. धारावीच्या शेजारी, मिठीच्या काठावर ३७ एकर. ती मुंबईची कचऱ्याची जागा होती. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या हस्ते तिथे लागवड सुरू झाली आणि आज आत शिरलं की शहर ऐकू येत नाही. पुण्यातच एम्प्रेस गार्डनमध्ये मेच्या दुपारी जा आणि त्या जुन्या झाडांखाली, अजस्र वेलींपाशी दहा मिनिटं उभे राहा. आराखडा मंजूर करणाऱ्यांनाही बरोबर न्या. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान लोकांना फार आवडतं आणि तुमच्यातलं कुणीतरी तसंच मागेल. ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या बागेच्या धर्तीवर केलेलं, दहा एकरांचं, पाहत पाहत फिरण्याचं उद्यान आहे. त्याची शिस्त रोजच्या काटेकोर निगराणीवर उभी आहे. दीड एकरात, रोजच्या वापराच्या बागेत ते साधणार नाही.

राहिला माळी. निविदेत बांधकामाचे आकडे असतात आणि देखभालीच्या रकान्यात एक मोघम ओळ. पाच वर्षांची देखभाल त्याच निविदेत, वेगळ्या रकमेसह हवी, आणि तुमच्या बागेला किमान दोन कायमचे माळी हवेत, आठवड्यातून एकदा येणारी टोळी नको. माळी रोज तोच असला की कुठल्या झाडाला वाळवी लागली, कुठला झोका करकरतो, कुठली आजी चार दिवस आली नाही, हे त्याला माहीत असतं. त्याला अवजारांची खोली, पिण्याचं पाणी आणि बसायला जागा द्या. पाचोळा जाळायचा नाही, ओढ्याकडच्या कोपऱ्यात दोन खड्डे करून कुजवायचा, वर्षभरात खत तयार.

उपक्रमांसाठी समिती नेमून बैठका घेत बसू नका. पहिल्या वर्षी तीनच गोष्टी करा: उन्हाळ्यात मुलांनी बहावा, करंज, कडुनिंबाच्या बिया गोळा करून रोपं करायची, पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, एक सकाळ फुलपाखरं मोजायची, आणि महिन्यातल्या एका रविवारी कुणीतरी जाणकाराने चार झाडांची ओळख करून द्यायची. ध्वनिक्षेपक नको. माळी हजर असेल अशाच वेळा धरा, मुलं त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त शिकतात.

निवेदन देताना प्रभाग कार्यालयाकडून मंजूर अंदाजपत्रकाची प्रत मागा, आधी विनंतीने, नाही मिळाली तर माहिती अधिकारात. सगळ्या सोसायट्यांच्या सह्या एकाच कागदावर घ्या, आणि शेजारच्या वस्तीतल्या, दुपारी बागेत येऊ शकणाऱ्या माणसांच्याही. फक्कीच्या नकाशाचे फोटो सोबत जोडा. येत्या रविवारी आकाश निरभ्र असेल तर सकाळी आठलाच सुरुवात करा. फक्कीची एक गोणी एवढ्या जागेला पुरते.